आढ्यापाशी पाच इंच

मॉनिटर वाकळेत गुंडाळून दीक्षानं साताऱ्यापासून एसटीत मांडीवर आणला होता, कॉम्प्युटरचा डबा पायांशी. कऱ्हाडला शेजारी येऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं “टीव्ही नवा का दुरुस्तीचा?” असं विचारलं, तेव्हा ती “दुरुस्तीचा” म्हणाली. खरं सांगत बसली असती तर सांगली आली असती आणि तरी सांगून झालं नसतं. कॉम्प्युटर साहेबांच्या ऑफिसचा होता. साहेब म्हणजे साताऱ्यातले इंजिनियर, त्यांच्याकडे ती आठ वर्षं नकाशे काढत होती. शनिवार-रविवारपुरता त्यांनी तो दिला, तोही वडिलांच्या घराचं काम आहे म्हणाली म्हणून.

त्या रविवारी आप्पांना जाऊन वर्ष झालं.

सकाळी वंदना झाली. पंचशील घेतलं, फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या, खीर-पुरीची पंगत उठली. दोनच्या सुमाराला माधवनगरच्या त्या घरात घरातलीच माणसं उरली: आई, दादा, मंगलवहिनी. शिवाय भाऊसोमामा. मामा रक्ताचे नव्हेत. आटपाडीकडचे धनगर, पोरवयात मेंढरं सोडून पाचगणीला बंगल्यांची कौलं बसवायला आले आणि यल्लाप्पा मिस्त्रीच्या, म्हणजे आप्पांच्या, हाताखाली वीस वर्षं राहिले. आता पाचगणी सुटली होती आणि मामा स्लॅबच्या सेंट्रिंगची कामं घेत होते. दादानं त्यांना जेवणानंतर मुद्दाम थांबवून घेतलं, ते कशासाठी हे दीक्षाला न सांगता कळलं.

दादाला छप्पर उतरवायचं होतं. दिवाळीत आई न्हाणीत पाय घसरून पडली, तेव्हापासून त्यानं ठरवलं होतं की सांगलीतली भाड्याची खोली सोडून बायकापोरांसह इथं राहायला यायचं. खाली दोन खोल्या. वर आप्पांनी बांधलेली छपराखालची एक, तीत मोठं माणूस मधोमधच काय ते ताठ उभं राहणार. तेव्हा कौलं काढायची, भिंती चढवायच्या, वर स्लॅब टाकायचा. “नकाशा तूच काढ,” असं त्यानं बहिणीला पत्रानं कळवलं होतं. दीक्षानं काढला होता. पण ती नुसता तेवढाच घेऊन आली नव्हती.

आप्पांच्या कामाच्या बाकावर मॉनिटर ठेवला. पंखा बंद करून कॉम्प्युटरची वायर लावली, कारण भिंतीत प्लग एकच होता.

“दाखव,” दादा म्हणाला.

पडद्यावर घर उभं राहिलं. सरळ भिंती, वर सपाट स्लॅब, जिना बाहेरून. दीक्षानं बाण हलवला तसं घर हळूच फिरलं. मंगलवहिनी पुढं सरकली.

“अगं बया, आत पण जाता येतं?”

“येतं. हे स्वयंपाकघर.”

“ओट्याच्या वर फळी कर की एक.”

“वहिनी, फळ्या नंतर. आधी घर तर होऊ दे.”

“घर करतील पुरुष. फळी मलाच लागणार.”

आई डोळे बारीक करून बघत होती. “ह्यात मी कुठं हाय?”

“माणसं नसतात ह्यात, आई.”

“मग घर कशाला म्हनायचं,” आई म्हणाली आणि परत भिंतीला टेकली.

दादा खूश होता. त्यानं मामांकडं पाहिलं. “मामा, उन्हाळ्यात होईल का?”

“हुईल की. स्लॅबला काय लागतंय.”

दीक्षानं हात बटणांवरून काढला नाही. “दादा, अजून एक आहे. हे जुनं घर. आहे तसं. मोडायच्या आधी एकदा बघू या म्हटलं.”

ती सहज बोलल्यासारखी बोलली, पण त्या ‘आहे तसं’पायी तिचे तीन रविवार गेले होते. प्रोग्रॅम परदेशातला. खोली काढली की तो न विचारता तिच्यावर सपाट छत घालायचा. भिंती नऊ फूट सरळ. आप्पांची खोली काढायला गेलं की भिंती कौलांतून आरपार वर निघायच्या, मुलांनी पांघरुणातून पाय बाहेर काढावेत तशा. तिरकी भिंत काढायची सोयच त्यात नव्हती. तिसऱ्या रविवारी तिच्या लक्षात आलं की चूक विचारण्यात होती. तिरकी भिंत म्हणून काही नसतंच. ते छप्परच असतं, आतून पाहिलेलं. आधी छप्पर काढायचं, मग बाजूच्या भिंती कमरेएवढ्या खाली आणायच्या, आणि सपाट छताची खूण त्या खोलीपुरती पुसून टाकायची. खूण पुसली तशी खोली एकदम वरपर्यंत मोकळी झाली, आणि साताऱ्याच्या त्या रिकाम्या ऑफिसात दीक्षा बराच वेळ नुसती बसून राहिली होती.

तिच्या मनात होतं ते एवढंच. खोली बघितली की दादा नाही म्हणेल. छप्पर राहील.

पडद्यावर घराला छप्पर आलं. उभट, दोन्ही बाजूंची पाखी तीव्र उताराची. पाचगणीच्या पावसाला शोभणारं छप्पर आप्पांनी एकाहत्तर साली माधवनगरच्या उन्हात बांधलं, तेव्हा मिलमधून सुटलेली माणसं थांबून बघायची. “यल्लाप्पा, आबाळ कोसळनार हाय का इथं?” आप्पा वरूनच म्हणायचे, “कोसळलं तर घरंगळून तुझ्या दारात येईल.”

“हे घे. वरची खोली,” दीक्षा म्हणाली.

दोन्हीकडं कमरेएवढ्या भिंती, तिथून वर आत झुकत गेलेली दोन पाखी, मधोमध ती जुळतात तिथलं आढं. लहानपणी ती जिकडं झोपायची त्या पूर्वेच्या बाजूला तिनं एक पलंगसुद्धा काढला होता.

मंगलवहिनीनं तोंडाला पदर लावला. हसत होती. “लग्नानंतर चार दिवस ह्यांच्या कपाळावर टेंगूळ. माहेरची मला विचारायची, आल्या आल्या भांडलीस का काय.”

दादा हसला नाही. पडद्याजवळ आला, वाकून बघितलं, मागं झाला.

“ही आपली खोली नाही.”

“नाही कशी? मी मापं घेतलीत.”

“कुठली मापं घेतलीस? माझ्या बाजूला एवढी उंची नव्हतीच. तुझी बाजू उंच. माझी बुटकी.”

“दादा, दोन्ही सारख्या आहेत. तीन फूट आठ इंच.”

“तू माझ्या बाजूचं माप घेतलंस?”

तिनं घेतलं नव्हतं. गेल्या खेपेला त्या बाजूला ट्रंका आणि गाद्या रचलेल्या होत्या. तिनं आपल्या बाजूला टेप लावली आणि तोच आकडा दुसरीकडं घातला. आप्पांच्या हातचं काम. दोन बाजू वेगळ्या असतील हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पाचगणीचे बंगलेवाले दुसऱ्या मिस्त्रीचं काम तपासायला आप्पांना बोलवायचे.

“आप्पांनी सारख्याच केल्या असणार,” ती म्हणाली.

“तुझ्या नकाशात सारख्या, घरात नाही,” दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मंगलवहिनीनं त्याच्याकडं बघितलं. “तू धाकटी, लाडकी. तुला उंच बाजू. मी पंधरा वर्षं त्या वाशावर डोकं आपटलंय. आप्पा जलमभर सांगत आले, कुणापुढं मान वाकवायची नाही. आणि वरच्या खोलीत सकाळी उठलं की पहिल्यांदा मान वाकवायची. ती पण त्यांच्याच घरात.”

दीक्षाला ते वाक्य लागलं, आणि त्यातलं खरंही लागलं.

“टेप आण,” दादा म्हणाला.

लाकडी जिन्यावरून ते दोघं आणि मागून भाऊसोमामा वर गेले. कौलं तापली होती. वर तोच वास होता: तापलेली माती, जुनं सागवान, आणि कुठून तरी अजून कापसाच्या तंतूंचा. आई मिलमधून दुसऱ्या पाळीहून आली की आधी वर यायची, पोरं झोपलीत का बघायला, आणि तिच्या केसांतून तो तंतू खाली पडायचा. शनिवारी संध्याकाळी आप्पा पाचगणीहून यायचे. जिन्यावर त्यांची पावलं आधी आणि मग खोकला. ते मधोमध आढ्याखाली उभे राहायचे, एक हात ह्या पाख्याला, एक हात त्या पाख्याला, आणि म्हणायचे, “काय रं, छप्पर ठीक हाय का?” जणू आठवडाभर छप्पर ह्या दोघांनीच राखलं होतं.

दादानं ट्रंका ओढल्या. मग भिंतीपाशी वाकून टेप लावण्याऐवजी तो खाली बसला आणि जमिनीवर आडवा झाला. चांगल्या पांढऱ्या शर्टासकट, त्याची गादी जिथं असायची बरोबर तिथं. वर हात करून न बघता त्यानं एका वाशावर बोट ठेवलं.

“हा. ह्याच्यावर.”

दीक्षानं टेप धरली. तीन फूट तीन इंच.

पाच इंच कमी.

खाली येऊन तिनं दादाच्या बाजूच्या, पश्चिमेच्या भिंतीचा आकडा बदलला. कॉम्प्युटरनं थोडा वेळ घेतला. घर परत उभं राहिलं, पण आढ्यापाशी दोन्ही पाखी एकमेकांना भेटेनात. एक वर, एक खाली, मधून घरभर लांब एक निळी पट्टी. प्रोग्रॅम बाहेर जे आभाळ रंगवायचा, ते तिथून आत दिसत होतं.

“फुटलं व्हय?” आई म्हणाली.

“माप चुकलं असेल,” दीक्षा म्हणाली. ती परत वर गेली आणि एकटीनं परत मोजून आली. तीन फूट तीन इंच.

भाऊसोमामा पडद्याकडं बघत बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मिस्त्रीची पंचाईत तुज्या मशीनला बी झाली म्हनायची.”

“कसली पंचाईत?”

“वासं. हे वासं इकत घेतल्यालं न्हवंत पोरी. पाचगनीला एक बंगला उतरिवला, तवाचं. अस्सल सागवान, बोल्टांचं. मालक म्हनाला, न्या. पन त्यो बंगला दोन येळंला बांधल्याला. अर्धं वासं वीतभर आखूड. तुजा बा दोन दिस त्या लाकडाकडं बगत बसला. कापून समदं आखूड करावं, तर छपराचा उतार जायाचा. मग आखूड वासं पूर्वंला लावलं, आन तिकडची भिंत इटांचा एक थर चढवून घेतली. आडं मधोमध न्हाई तुमचं. पूर्वंला सरकल्यालं हाय, दोन-अडीच इंच. खालनं कुनाला दिसत न्हाई.”

दीक्षानं पडद्यावरची आढ्याची रेघ अडीच इंच पूर्वेला ओढली. निळी पट्टी मिटली.

एकतीस वर्षांच्या, आणि त्यातली आठ वर्षं नकाशे काढण्यात घालवलेल्या तिला पहिल्यांदा कळत होतं की आप्पांच्या हातून एक गोष्ट वाकडी झाली होती. जाणूनबुजून, आणि होता होईल तेवढी कमी.

“म्हणजे उंच बाजू दीक्षीची, ते लाकडामुळं,” दादा म्हणाला. “मग ती बाजू तिलाच का? मी थोरला. मला कुणी विचारलंही नाही.”

“इचारलं की,” आई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. ती भिंतीला टेकूनच होती, पाय लांब करून.

“तुलाच इचारलं पयल्यांदा. नऊ वर्साचा व्हतास. त्येनी म्हनले, परबुद्धा, कंची बाजू तुजी? तू ह्या बाजूला गेलास, हात वर केलास. त्या बाजूला गेलास, हात वर केलास. ह्या बाजूला तुजा हात कौलाला लागला. तिकडं लागत न्हवता. म्हनालास, ही माजी. माजा हात छपराला पोचतोय. समद्या गल्लीला सांगून आलास.”

दादानं जिन्याकडं बघितलं.

“मला आठवत नाही,” मग म्हणाला.

“तुला कसं आठवंल. नंतर टकुरं आपटाया लागलं तेवडंच आठवतंय.”

मंगलवहिनी आता हसत नव्हती. भाऊसोमामा खाकरले.

“खोली तरी कशापायी बांधली, म्हाईत हाय का? एका बंगल्यावर कौल फुटल्यालं. मिस्त्रीनं कौल उचाललं आन आत डोकावला. छपराखाली पलंग, पलंगावर एक पोरगं, तापानं निजल्यालं. वर बगत हुतं. लय येळ बगत हुतं, छपरात मानूस कसा म्हनून. ह्यो बी बगत बसला. मी म्हनतोय कौल घे, कौल घे, ह्येचं ध्यान न्हाई. सांजंला म्हनाला, भाऊसो, आपली पोरं जिमिनीवरनं भिंत बगत्यात, त्येंची पोरं आडं बगत्यात.” मामांनी टोपी झटकली. “येवडंच म्हनाला. मग त्यो बंगला उतरिवला आन वासं मिळालं.”

दादानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. पंखा बंद होता, घाम सगळ्यांनाच आला होता.

“मामा,” तो म्हणाला, “तुम्हाला मी थांबवलंय वाश्यांचं सांगायला. कुजलेत का ते सांगा.”

“म्हाईत हाय कशाला थांबवलंयस,” मामा म्हणाले. “कुजलं म्हनायला. वर गेलो तवा समद्यास्नी ठोकून बगितलं. कुजलं न्हाईत गड्या. मी काय करू? अजून दोन पिढ्या हलत न्हाईत. स्लॅब पायजे तर मी घालतो, माजं कामच हाय त्ये. पन कुजलं म्हनून न्हाई सांगायचो.”

दीक्षाला वाटलं, आता बोलावं. आता म्हणावं, मग राहू द्या छप्पर. ती बोलणार तेवढ्यात तिचं लक्ष आईच्या पायाकडं गेलं. दिवाळीत मुरगळलेला घोटा अजून सुजलेला होता. दादा इथं यायला हवा होता, आणि त्याच्या दोन पोरांना आणि बायकोला ताठ उभं राहता येईल अशी जागा हवी होती. हे काही खोटं नव्हतं. साताऱ्यात बसून खोली वाचवणं सोपं होतं.

“उचला की मग,” आई म्हणाली.

“काय?”

“छप्पर. त्येनी म्हनायचे, पोरं वाढली की भितीवर थर चढवायचं आन छप्पर उचलून वर ठेवायचं. म्हनून तर खिळा मारला न्हाई कुटं. समदं बोल्टावर. परत्येक वाशाला चिरा हायत, कोन कुटं बसतंय त्याच्या.”

चिरा दीक्षाला ठाऊक होत्या. एक चीर, दोन चिरा, तीन चिरा. पडल्या पडल्या त्यांच्यावरूनच ती मोजायला शिकली होती. त्या कशासाठी आहेत हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

“मग उचललं का नाही?” दादानं विचारलं.

“कुनासाठी उचलायचं? तू सांगलीला गेलास. ही साताऱ्याला. त्येनी एकदा बोल्टास्नी तेल घालून आले. मग न्हाई कदी बोलले.”

बाहेर बोळातून सायकल गेली.

दादानं मामांकडं पाहिलं. मामांनी मान हलवली. “हुतंय. चार मानसं, आठ दिस. कौलं उतरायची, वासं उतरायचं, चार फूट भिंत. पुन्ना चढवायचं.”

“वर दोन खोल्या निघतील?”

“निघतील,” दीक्षा म्हणाली. “चांगल्या निघतील.”

“मला ताठ उभं राहता येईल?”

“भिंतीपाशी पण येईल.”

मंगलवहिनी म्हणाली, “आणि फळी?”

“दोन फळ्या,” दादा म्हणाला.

दीक्षा पडद्याकडं वळली. करायचं तसं थोडंच होतं. भिंतीवर बाण न्यायचा, आकडा बदलायचा. पूर्वेला तीन फूट आठचे सात फूट आठ. छप्पर आपोआप वर जाणार. पण भिंती वर गेल्या की झुकलेलं ते सगळं डोक्याच्याही वर जाणार, कुणाच्या अंथरुणापासून हाताच्या अंतरावर राहणार नाही. ती जी खोली वाचवायला आली होती ती ह्यात नव्हतीच. छप्पर राहत होतं, खोली जात होती. आणि ते तिनंच करायचं होतं, कारण घरात हे यंत्र तिलाच चालवता येत होतं.

तिनं पूर्वेचा आकडा घातला. पश्चिमेच्या भिंतीवर आली आणि थांबली.

“दादा, आता नव्यानंच थर चढवायचे आहेत. लागतील तेवढे वासे नवे घेऊन दोन्ही बाजू सारख्या करता येतील. आढं मधोमध येईल. करू?”

दादा तिच्या मागं उभा होता. खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता, तो तिला खांद्यापाशी जाणवत होता.

“नको,” तो म्हणाला. “आहे तशी वर घे.”

“पाच इंच कमी?”

“पाच इंच कमी.”

तिनं सात फूट तीन इंच घातलं आणि बटण दाबलं.

जुनं यंत्र होतं, त्याला वेळ लागायचा. पडद्यावरून छप्पर आधी पुरतं नाहीसं झालं. उघड्या चार भिंती राहिल्या, आत रिकामी जमीन, वर निळं आभाळ. आई पुढं सरकली.

“गेलं व्हय गं?”

“नाही आई. थांब जरा. येतंय.”

मग एका कोपऱ्यापासून एकेक रेघ यायला लागली, आणि चौघंजण तिच्या मागून पडद्याकडं बघत छप्पर पुरं व्हायची वाट पाहू लागले.